सह्याद्री आणि आकाशवाणी: काय ऐकण्यासारखं आहे आणि ते घरात आणायचं कसं

सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून प्रादेशिक बातम्या लागतात. दहा मिनिटं. सावकाश, स्पष्ट वाचलं तर एवढ्या वेळात हजार-अकराशे शब्द बसतात, त्याहून जास्त नाहीत. तेवढ्यात मंत्रिमंडळाचा निर्णय येतो, पावसाळ्यात धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा येतो, परीक्षा पुढे गेली असेल तर ते कळतं, एखाद्या तालुक्यातली घटना येते आणि शेवटी हवामान. आधी ठळक बातम्या, मग तपशील, मग ठळक बातम्या पुन्हा एकदा. मागे ढणढण संगीत नाही, कुणी कुणावर ओरडत नाही. सरकारी प्रसारणाच्या मराठी सेवांपैकी सगळ्यात आधी काय ऐकावं, असं कुणी विचारलं तर हेच बातमीपत्र सांगायला हवं.

त्यामागची कारागिरी लक्ष देऊन ऐकली की कळते. वाचणाऱ्याला ओळ पुन्हा पाहता येते, ऐकणाऱ्याला ती सोय नसते. म्हणून चांगल्या बातमीपत्रात वाक्य लांबत नाही. आधी कोण आणि कुठे, मग काय झालं, क्रियापद आलं की वाक्य संपलं. ‘१ लाख २४ हजार ८६०’ असा आकडा शक्यतो ‘सुमारे सव्वा लाख’ होऊन येतो, कारण तो तसाच कानात राहतो. उच्चारांचंही तसंच. चाकण आणि चाळीसगाव यांतले दोन ‘च’ सारखे नाहीत. जन्मातला ‘ज’ आणि जळगावातला ‘ज’ वेगळे. लिहिताना अक्षर एकच असल्यामुळे बाहेरून मराठी शिकलेला वाचक इथे हमखास अडखळतो. आकाशवाणीचे मुरलेले वृत्तनिवेदक अडखळत नाहीत. मराठी शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी उच्चारांसाठी रोज ऐकावं असं दुसरं साधन आज फुकट मिळत नाही.

महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर या चार ठिकाणी आकाशवाणीचे प्रादेशिक वृत्तविभाग आहेत. चारही बातमीपत्रं सारखी नसतात, म्हणून आपल्या भागाचं निवडावं. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने पुण्याच्या बातम्या ऐकून जायकवाडीची वाट बघण्यात अर्थ नाही, त्याने संभाजीनगरचं बातमीपत्र लावावं. गोव्यात पणजीच्या आल्तिनो टेकडीवरच्या केंद्रावरून कोंकणी आणि मराठी अशी दोन्ही भाषांतली बातमीपत्रं मिळतात. देशभराच्या बातम्या मराठीत हव्या असतील तर सकाळी साडेआठचं राष्ट्रीय बातमीपत्र आहे. ७.०५ च्या बातम्यांच्या १० मिनिटं आधी रेडिओ लावून ठेवायची सवय असेल, तर सातच्या आत ६ वाजून ५५ मिनिटांच्या संस्कृत बातम्याही कानावर पडतात.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगायची तर मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये नागपूर, १९५३ मध्ये पुणे, १९६३ मध्ये सांगली अशी केंद्रं येत गेली. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला वरळीहून सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे ते पुण्यात दिसू लागलं. उपग्रहावरची मराठी वाहिनी १९९४ ची. तिला ‘सह्याद्री’ हे नाव २००० साली मिळालं. १९९७ पासून हा सगळा कारभार प्रसार भारतीकडे आहे आणि २०२३ पासून रेडिओचं अधिकृत नाव सगळीकडे ‘आकाशवाणी’ एवढंच वापरलं जातं.

या सेवेबद्दलचं मत एका ओळीत सांगता येतं: माल अस्सल आहे, पण तो घरात पोचेपर्यंत अर्ध्या लोकांचा धीर सुटतो. रेडिओवर खरखर येते, डिशवर वाहिनी सापडत नाही, ॲप मध्येच गप्प होतं. यातल्या बहुतेक अडचणी घरच्या घरी सुटतात, पण त्या कशा सोडवायच्या हे सेवा देणाऱ्यांकडून कधी नीट सांगितलं जात नाही.

मीडियम वेव्ह

मोठ्या पल्ल्याची केंद्रं मीडियम वेव्हवर आहेत. पुणे ७९२ किलोहर्ट्झ, मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८, नागपूर ५८५, सांगली १२५१, पणजी १२८७. आकाशवाणी टप्प्याटप्प्याने एफएमकडे सरकते आहे. त्यामुळे आपल्या केंद्राच्या आकड्यावर दिवसाही पूर्ण शांतता असेल, तर रेडिओला दोष देण्याआधी ते केंद्र एफएमवर किंवा ॲपवर आहे का ते बघावं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे आवाज खरखरला की रेडिओचा रॉड पूर्ण ओढायचा. मीडियम वेव्हसाठी त्या रॉडचा काही उपयोग नसतो. तो एफएम आणि शॉर्ट वेव्हसाठी असतो. मीडियम वेव्हचा अँटेना रेडिओच्या पोटात असतो: पेन्सिलीएवढी काळी फेराइटची कांडी, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. या कांडीला दिशा असते. कांडीचं टोक प्रक्षेपकाकडे असेल तर आवाज जवळजवळ नाहीसा होतो, कांडी आडवी असेल तर सगळ्यात स्वच्छ येतो. म्हणून रॉड ओढण्याऐवजी अख्खा रेडिओ टेबलावर ठेवून हळूहळू पाव फेरा फिरवायचा. कुठेतरी आवाज एकदम भरतो. तिथे ठेवायचा आणि टेबलावर खडूने खूण करायची.

दुसरं कारण घरातच असतं. स्वस्त एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर या सगळ्यांतून मीडियम वेव्हवर घरघर येते. तपासायची पद्धत सोपी आहे. रेडिओ सेलवर लावा, दोन केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी काटा ठेवा आणि घरातली एकेक वस्तू बंद करत जा. घरघर ज्या बटणाबरोबर थांबते तो गुन्हेगार. बहुतेक वेळा तो रेडिओच्याच बोर्डात लावलेला चार्जर निघतो. रेडिओ ॲडॉप्टरवर चालवत असाल तर आधी ॲडॉप्टर काढून सेल घाला. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

सिमेंटच्या इमारतीत स्लॅब आणि खांबांतल्या सळ्यांमुळे सिग्नल आत येताना मरतो. खोलीच्या मध्यावर जो रेडिओ नुसता फुसफुसतो तो खिडकीच्या कट्ट्यावर नीट बोलतो. तेही पुरत नसेल तर घरी बनवता येणारा एक जुना उपाय आहे. ६० सेंटीमीटर बाजूची लाकडी चौकट घ्यायची, तिच्यावर साध्या वायरचे १० वेढे घालायचे (सुमारे २५ मीटर वायर लागते) आणि दोन टोकांना जुन्या रेडिओतला ५०० पिकोफॅरडचा गँग, म्हणजे केंद्र लावताना फिरतो तो कपॅसिटर, जोडायचा. ही चौकट रेडिओच्या शेजारी उभी करायची. रेडिओला वायर जोडायची नाही. गँग फिरवत गेलं की एका ठिकाणी आवाज एकदम उसळतो. वीज लागत नाही, सेल लागत नाही. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जुन्या दुकानात गँग अजूनही मिळतो.

संध्याकाळनंतर वेगळाच प्रकार होतो. दिवसा वातावरणाचा वरचा एक थर मीडियम वेव्ह लहरी शोषून घेतो, म्हणून फक्त जवळचं केंद्र ऐकू येतं. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रं त्याच आकड्यावर येऊन आदळतात. आवाज वर-खाली होतो, मागे दुसरी भाषा ऐकू येते. हा रेडिओचा बिघाड नाही. अशा वेळी पुन्हा तीच युक्ती: रेडिओ फिरवून नकोशा केंद्राकडे कांडीचं टोक करायचं. नको असलेलं दबतं आणि हवं ते वर येतं.

परदेशातून आणलेल्या किंवा ऑनलाइन मागवलेल्या डिजिटल रेडिओत आणखी एक घोळ असतो. भारतात मीडियम वेव्हचे आकडे ९ च्या पटीत आहेत. ७९२ म्हणजे ९ गुणिले ८८, १२५१ म्हणजे ९ गुणिले १३९. अमेरिकेत पायरी १० ची असते. रेडिओ त्या पायरीवर असला तर तो ७९० आणि ८०० दाखवतो, ७९२ वर येतच नाही, आणि ७९० वर आवाज चिरका, सिटी वाजल्यासारखा येतो. रेडिओ बंद असताना बहुतेक मॉडेलमध्ये एखादं बटण दाबून धरलं की पायरी ९ वर जाते. माहितीपत्रकात ते असतं. घेण्याआधी ही सोय आहे का ते जरूर बघा.

काही मोठ्या केंद्रांवर डीआरएम हे डिजिटल प्रसारणही आहे. आवाज एफएमसारखा स्वच्छ येतो, पण त्यासाठी वेगळा रेडिओ लागतो आणि तो बाजारात सहज मिळत नाही. काही गाड्यांच्या संचांत डीआरएम असतं. साध्या रेडिओवर निव्वळ डीआरएमचा सिग्नल नुसत्या फसफशीसारखा ऐकू येतो. एखाद्या आकड्यावर एकसारखी फसफस येत असेल तर ती हीच असू शकते.

एफएम

एफएमचा आवाज छान, पल्ला छोटा. लहर सरळ रेषेत जाते, मध्ये डोंगर आला की संपली. पुण्यात विविध भारती १०१ वर आहे, नाशिक १०१.४, कोल्हापूर १०२.७. घाटाच्या पलीकडच्या गावात शहरातलं केंद्र लागत नाही यात नवल नाही. इथे मात्र रॉडचा उपयोग आहे. १०० मेगाहर्ट्झच्या आसपास रॉडची योग्य लांबी सुमारे ७५ सेंटीमीटर. त्याहून आखूड ठेवला तर आवाज फाटतो. आधी उभा ठेवून बघा, मग आडवा. मोबाइलवर एफएम ऐकताना इअरफोनची वायर हीच अँटेना असते. वायरलेस इअरफोन लावून एफएम का लागत नाही याचं उत्तर एवढंच. नव्या फोनपैकी अनेकांत एफएमच नाही, आणि केंद्र सरकारने २०२३ मध्ये उत्पादकांना ते सुरू ठेवायला सांगूनही सगळीकडे फरक पडलेला नाही.

जिल्ह्यांतल्या एफएम केंद्रांबद्दल एक गोष्ट माहीत हवी. दिवसाचा मोठा भाग ती विविध भारती किंवा मोठ्या केंद्राचे कार्यक्रम पुढे पाठवतात. स्वतःचे कार्यक्रम ठरावीक तासांतच असतात. दुपारी लावून ‘इथे तर हिंदी गाणीच आहेत’ असं म्हणून लोक केंद्र सोडून देतात आणि त्याच केंद्रावरची स्थानिक शेतीची मुलाखत किंवा गावातल्या कलाकाराचं गाणं हुकतं. आठवडाभर वेगवेगळ्या वेळी लावून आपल्या केंद्राच्या वेळा एकदा लिहून काढाव्यात. हे वेळापत्रक केंद्रांनीच ठळक जाहीर करायला हवं. श्रोत्याला शोधाशोध करावी लागते, हा या सेवेतला खरा दोष आहे.

डिश

घरात केबल किंवा खासगी डीटीएच असेल तर सह्याद्रीसाठी वेगळं काही करावं लागत नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा, १९९५ च्या कलम ८ प्रमाणे दूरदर्शनच्या ठरवून दिलेल्या वाहिन्या दाखवणं केबलवाल्याला बंधनकारक आहे. दिसत नसेल तर आधी सेट-टॉप बॉक्सची यादी पुन्हा स्कॅन करा. वाहिनीचा क्रमांक बदललेला असतो, वाहिनी गेलेली नसते.

केबलचं मासिक बिल नको असेल तर डीडी फ्री डिश. ही सेवा २००४ पासून आहे, मासिक शुल्क नाही. डिश, एलएनबी (डिशच्या हाताच्या टोकाला बसणारा, सिग्नल पकडणारा छोटा डबा), बॉक्स आणि वायर मिळून साधारण दीड-दोन हजारांत काम होतं. बॉक्स घेताना एमपेग-४ या नव्या डिजिटल चित्रपद्धतीचाच घ्या. जुने स्वस्त बॉक्स फक्त एमपेग-२ वाहिन्या उघडतात. बाकीच्या वाहिन्या यादीत येत नाहीत किंवा पडदा काळा राहतो, आणि लोकांना वाटतं डिश बिघडली.

डिश जीसॅट-१५ या उपग्रहाकडे वळवायची, त्याची जागा ९३.५ अंश पूर्व. महाराष्ट्रातून तो आग्नेयेला दिसतो, पण नेमका कोन गावागावात बदलतो. पुण्यातून उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १३२ अंश आणि क्षितिजापासून ५९ अंश उंच. मुंबईतून १३१ आणि साडेसत्तावन्न. नागपूर बरंच पूर्वेला असल्यामुळे तिथून दिशा १४४ ते १४५ आणि उंची ६०. पणजीतून १२७ आणि ६१. दिशेसाठी मोबाइलमधला होकायंत्र पुरतो, पण तो लोखंडी गजापासून आणि डिशच्या पत्र्यापासून दोन पावलं लांब धरायचा, नाहीतर २० अंशांची चूक सहज होते.

इथे नवखा माणूस ज्याने चकतो ते म्हणजे डिशचं उभं दिसणं. घरगुती डिश ‘ऑफसेट’ असते. तिचा हात खालून येतो आणि सिग्नल तिरपा आपटून एलएनबीत जातो. त्यामुळे डिशचा पत्रा ५९ अंश वर बघताना दिसत नाही, त्याहून वीस-बावीस अंश खाली बघतोय असं वाटतं. डोळ्याने ‘आकाशाकडे’ वळवलेली डिश प्रत्यक्षात उपग्रहाच्या फार वर बघत असते. बैठकीवर अंशांच्या खुणा असतील तर त्या वापरा, नसतील तर खालून सुरुवात करून थोडी थोडी वर न्या.

बॉक्सच्या सेटिंगमध्ये एलएनबीची फ्रिक्वेन्सी ९७५०-१०६००, म्हणजे युनिव्हर्सल ठेवा, २२ किलोहर्ट्झ बंद ठेवा. मग एक ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचा एक प्रक्षेपक) घाला: ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. तो न आल्यास ११४७०, बाकी सगळं तेच. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात. ‘स्ट्रेंग्थ’ची पट्टी बघून फसू नका. वायर जोडलेली आहे आणि एलएनबीला वीज मिळते आहे एवढंच ती सांगते. डिश जमिनीकडे वळवली तरी ती अर्धी भरलेली असते. ‘क्वालिटी’ची पट्टी शून्यावरून हलली तरच उपग्रह सापडला. डिश एका वेळी बोटभर हलवायची आणि तीन-चार सेकंद थांबायचं, कारण बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो. भराभर फिरवणाऱ्याला उपग्रह समोरून निघून गेलेला कळतही नाही.

क्वालिटी आली पण कमी असेल तर एलएनबी स्वतःभोवती फिरवायची. उपग्रह दक्षिणेच्या बऱ्याच पूर्वेला असल्यामुळे पुण्या-मुंबईकडे हा तिरपेपणा जवळजवळ ४५ अंशांचा असतो, नागपुरात ३३ च्या आसपास. एलएनबी सरळ उभी कसून निघून जाणारे फिटर पुष्कळ आहेत. उन्हाळ्यात ते चालून जातं, आणि पहिल्या जोराच्या पावसात चित्राचे चौकोन होतात. ही डिश ज्या लहरींवर चालते तो केयू बँडचा सिग्नल पावसात कमी होणारच, म्हणून कोरड्या दिवशी क्वालिटी जमेल तितकी वर ठेवणं हाच पावसाळ्याचा विमा.

वायर आरजी-६ या जाड, गोल डिशवायरच्या प्रकाराचीच वापरा. एलएनबीजवळ वायरचा एक झोळ खाली सोडा म्हणजे पाणी वायरवरून वाहत कनेक्टरमध्ये शिरत नाही. कनेक्टरवर रबराची टोपी किंवा चांगली टेप हवी. दुसऱ्या पावसाळ्यात बंद पडलेल्या डिशचा कनेक्टर उघडला तर आतलं तांबं हिरवं पडलेलं सापडतं. तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावला की डिश पुन्हा सुरू. वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होतो आणि १ एप्रिलच्या सुमारास यादी बदलते, तेव्हा वर्षातून एकदा तरी पूर्ण स्कॅन करा.

सह्याद्रीबरोबर इतर राज्यांच्या प्रादेशिक वाहिन्या आणि आकाशवाणीची बरीच केंद्रंही डिशवर मिळतात. बॉक्सच्या रिमोटवर ‘टीव्ही/रेडिओ’ असं बटण असतं, ते फार थोडे लोक दाबून बघतात. ज्या घरात मीडियम वेव्ह लागत नाही तिथे आकाशवाणी ऐकण्याचा हा सगळ्यात स्वच्छ मार्ग आहे.

ॲप आणि संकेतस्थळ

‘न्यूज ऑन एअर’ या ॲपवर आकाशवाणीची दोनशेहून जास्त केंद्रं थेट ऐकता येतात. भाषा किंवा राज्य निवडून आपलं केंद्र शोधावं आणि आवडत्या यादीत टाकावं, कारण मुख्य पानावर राष्ट्रीय वाहिन्यांची गर्दी असते. ६४ केबीपीएसच्या प्रवाहाला तासाला सुमारे २९ एमबी डेटा लागतो, म्हणजे रोज तासभर ऐकलं तरी महिन्याला एक जीबीच्या आत. आवाज पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप बंद होत असेल तर बहुतेक वेळा फोनची बॅटरी वाचवणारी सोय ॲप मारत असते. फोनच्या सेटिंगमध्ये या ॲपसाठी बॅटरीचं बंधन काढून टाका. आणखी एक: इंटरनेटवरचा आवाज प्रत्यक्ष प्रसारणापेक्षा काही सेकंद, कधी अर्धा मिनिट मागे असतो. त्यावरच्या वेळेच्या टोल्यांवर घड्याळ लावू नका.

संकेतस्थळाची खरी किंमत वेगळीच आहे. ‘न्यूज ऑन एअर’च्या संकेतस्थळावर प्रादेशिक बातमीपत्रांचा आवाज असतो आणि लिखित मजकूरही असतो. स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी याची सवय लावून घ्यावी. रोजच्या दोन-तीन पानांत योजनांची अचूक नावं, नेमणुका, पुरस्कार, पीक-पाणी सगळं येतं, आणि नावांचं शुद्धलेखन विश्वास ठेवण्याजोगं असतं. आवाज लावून मजकूर समोर ठेवला तर वाचनाचा सरावही होतो.

सह्याद्रीच्या बातम्यांसाठी यूट्यूबवर वेगळी वाहिनी आहे, तीच सोयीची. प्रसार भारतीचं ‘वेव्ह्ज’ हे ॲप नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या चित्रपट महोत्सवात सुरू झालं. त्यात थेट वाहिन्या, रेडिओ आणि जुने कार्यक्रम एकत्र आहेत, मराठीही आहे. टीव्हीवर सह्याद्री लागत नसलेल्या घरात ते उपयोगी आहे. चित्रासाठी मात्र डेटा जातो: एक एमबीपीएसच्या साध्या चित्राला तासाला सुमारे ४५० एमबी.

सह्याद्रीवर काय बघावं

संध्याकाळी ७ च्या बातम्या. अनेक घरांत या वेळेवर अजून दिवा लागतो आणि टीव्हीही. पुण्याच्या रेडिओ बातमीपत्रासारखीच शिस्त इथे आहे. चित्रं कधी जुनाट वाटतात, जिल्ह्यांतून आलेल्या फितींचा आवाज एकसारखा नसतो, पण बातमी पूर्ण होते. पडद्यावर चार चौकटी आणि त्यांत चार भांडणं, हे इथे नाही.

‘आमची माती, आमची माणसं’ हा शेतीचा कार्यक्रम सह्याद्रीचा कणा आहे. कृषी विद्यापीठातला तज्ज्ञ शेतात उभा राहून पानाची खालची बाजू उलटून कीड दाखवतो, फवारणी किती लिटरला किती हे सांगतो. हे टीव्हीवरच नीट कळतं. प्रमाण ऐकताना कागद-पेन जवळ हवं, कारण आकडे पडद्यावर थोडाच वेळ राहतात. एकरी आणि हेक्टरी यांत गल्लत करू नका, विद्यापीठाच्या शिफारशी बहुधा हेक्टरी असतात आणि एक हेक्टर म्हणजे अडीच एकर. आकाशवाणीवरचा ‘माझं घर माझं शेत’ हा त्याचा रेडिओवरचा भाऊ, आणि बांधावर काम करता करता ऐकायला तोच बरा.

राज्य सरकारच्या माहिती खात्याचे ‘दिलखुलास’ आणि ‘जय महाराष्ट्र’ हे कार्यक्रम अनुक्रमे आकाशवाणी आणि दूरदर्शनवर लागतात. योजनेचा अर्ज कुठे करायचा, कागदपत्रं कोणती, मुदत कधी, यासाठी ते चांगले. पण बोलणारा स्वतः योजना राबवणारा अधिकारी किंवा मंत्री असतो. योजना कुठे अडली हे तिथे ऐकायला मिळणार नाही. सरकारी प्रसारणाच्या बातम्यांनाही हीच मर्यादा आहे: काय ठरलं ते अचूक कळतं, काय फसलं ते कमी कळतं. म्हणून सकाळी आकाशवाणी ऐकावी आणि सोबत एक जिल्ह्याचं वर्तमानपत्रही वाचावं.

संगीत हा सगळ्यात श्रीमंत भाग. आकाशवाणीची कलाकारांसाठी श्रेणीपद्धत आहे, स्वरचाचणी दिल्याशिवाय माइकसमोर बसता येत नाही. त्यामुळे नाव माहीत नसलेल्या कलाकाराचं भजन किंवा तालुक्यातल्या पथकाचं गोंधळ-भारूडही सुरात येतं. दशकानुदशकांची ध्वनिमुद्रणं संग्रहात आहेत आणि हळूहळू इंटरनेटवर येत आहेत. एकच मनापासूनची मागणी आहे: प्रत्येक जुन्या ध्वनिमुद्रणाखाली तारीख, केंद्र आणि तबला, हार्मोनियम, सारंगीवरच्या साथीदारांची नावं लिहा. अनेक ठिकाणी फक्त गायकाचं नाव असतं. ज्यांनी साथ केली त्यांची नावं केंद्राच्या कागदांवर आहेत, ते माहीत असणारी माणसं निवृत्त होण्याआधी ती उतरवून घ्यायला हवीत.

ठरलेला कार्यक्रम अचानक रद्द होणं ही प्रेक्षकांची जुनी तक्रार. राष्ट्रीय कार्यक्रम आला की प्रादेशिक बाजूला होतो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी ११ ला पंतप्रधानांचा कार्यक्रम ठरलेला असतो, तेव्हाची वेळ धरूनच चालावं. निवडणूक निकाल, राष्ट्रीय सण आणि अधिवेशनं यांच्या दिवशी वेळापत्रकाची खात्री नसते. रद्द झालेला भाग पुन्हा कधी लागणार हे पडद्यावर एका ओळीत सांगितलं तर प्रेक्षक टिकेल. अनेकदा ते सांगितलं जात नाही.

बाहेरगावी असाल तर

बडोदा, इंदूर, बेळगाव, हैदराबाद इथल्या मराठी घरांना सह्याद्री फ्री डिशवर तशीच मिळते, कारण उपग्रह सगळ्या देशाला एकच आहे. फक्त डिशचे कोन आपल्या गावाचे घ्यायचे. परदेशात ॲप आणि यूट्यूब हेच मार्ग. सकाळी ७.०५ च्या बातम्या न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात आदल्या रात्री ९.३५ ला आणि हिवाळ्यात ८.३५ ला थेट ऐकता येतात, जेवणाच्या वेळी छान बसतात. लंडनमध्ये मात्र तेव्हा रात्रीचे दीड-अडीच वाजलेले असतात. तिथल्यांनी थेट ऐकण्याचा हट्ट सोडून सकाळी संकेतस्थळावरचं त्याच दिवसाचं ध्वनिमुद्रण लावावं. बातमीपत्राच्या नावापुढची तारीख आणि वेळ आधी बघा, कारण यादीत सकाळचं आणि आदल्या संध्याकाळचं बातमीपत्र शेजारी शेजारी असतात आणि घाईत चुकीचं लागतं.